धावता धावता कोल्हापुरात चित्र काढायचंय? मग आधी तिकट्या मोजा (जीपीएस आर्टचं सगळं गणित, चुकांसकट)

माझं पहिलं जीपीएस चित्र म्हणजे कोल्हापुरी चप्पल. म्हणजे मला तरी तसं वाटलेलं. नऊ किलोमीटर पळून घामाघूम होऊन घरी आलो, मोबाईल आईसमोर धरला, ती चष्मा लावून बघून म्हणाली, "वांगं छान आलंय."

तेव्हापासून हा नाद लागलाय. मित्र विचारतात कसं करायचं, दरवेळी अर्धंच सांगून होतं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय. लांब आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपण पळतो तेव्हा मोबाईल किंवा घड्याळ दर सेकंदाला आपण कुठं आहोत ते टिपत असतं, आणि ते सगळे ठिपके जोडून नकाशावर एक रेघ तयार होते. ठिपक्यांची रांगोळीच, फक्त ठिपके आपल्या पायानं टाकायचे. ती रेघ आधी ठरवून पळालं की चित्र. जपानच्या यासुशी ताकाहाशी या माणसानं सगळा देश पालथा घालून, सात हजार किलोमीटरच्या वर प्रवास करून, नकाशावर लग्नाची मागणी लिहिली आणि २०१० मध्ये गिनीजमध्ये त्याची नोंद झाली. आपल्याला एवढं नको. आपल्याला रविवारी सकाळी दोन तास, आणि नंतर मिसळ.

चित्र आधी ठरवू नका

नव्वद टक्के लोक इथंच फसतात, मीपण फसलो. डोक्यात आधी हत्ती ठरवायचा आणि मग नकाशावर हत्ती शोधत बसायचं. असा हत्ती कधी मिळत नसतो. उलटं करायचं, नकाशा उघडायचा, नावं आणि दुकानं दिसणार नाहीत एवढा झूम कमी करायचा, आणि नुसत्या रस्त्यांच्या रेघांकडं बघत बसायचं, लहानपणी ढगांकडं बघायचो तसं. आधी काहीच दिसत नाही, मग एखादी चोच दिसते, एखादी शेपटी दिसते, आणि त्याला धरून बाकीचं चित्र बांधायचं.

आणि कोल्हापूरचं एक बरं आहे, इथं एकाच गावात दोन-तीन जातीचे रस्ते मिळतात. राजारामपुरी बघा. मधून मेन रोड आणि दोन्ही बाजूंना नंबरच्या गल्ल्या, पहिली, दुसरी, तिसरी करत सरळ रेषेत. नकाशात बघितलं की आधी माशाचा काटाच दिसतो, कणा म्हणजे मेन रोड आणि गल्ल्या म्हणजे काटे. एकाच बाजूच्या गल्ल्या घेतल्या तर फणी. शाहूपुरीतपण अशाच नंबरच्या गल्ल्या आहेत. अक्षरं, जिना, दात, किल्ल्याचा बुरूज, जे काय काटकोनात बसतं ते सगळं इकडं.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, गुजरी, महाद्वार रोडच्या मागची बाजू, हे वेगळंच प्रकरण. इथं रस्ता सरळ गेला तर त्यालाच कसंतरी वाटतं. बोळातून बोळ, मध्येच तालीम, मध्येच कुणाच्यातरी दारात रस्ता संपतो. इथं सरळ रेषेचा हट्ट धरलात की इस्कोट झालाच म्हणून समजा, पण केस, दाढी, झाडाच्या फांद्या, कोंबड्याचा तुरा असलं काय काढायचं असेल तर पेठांसारखी जागा नाही.

गोल पाहिजे असेल तर रंकाळा. फेरी साधारण साडेचार किलोमीटर भरते, म्हणजे एकदम अचूक गोल नाहीये, थोडा चेपलेला आहे, पण फुगा, चेहरा, आंबा यासाठी चालून जातो. वळणदार रेघा हव्या असतील तर विद्यापीठाच्या परिसरातले रस्ते, सकाळी तिथं फिरायला येणाऱ्यांची बरीच गर्दी असते, गेटवर विचारून आत जा.

आणि कुठं रेघ तुटते तेपण आधीच बघून ठेवा. सगळ्यात मोठा अडसर रेल्वे लाईन. नकाशात राजारामपुरी आणि शाहूपुरी शेजारी शेजारी दिसतात म्हणून मी एकदा सरळ रेघ मारून मोकळा झालेलो, प्रत्यक्षात जायला रेल्वेखालून जाणारा परीख पूल, आणि पावसाळ्यात तिथं पाणी साठलं की तेपण बंद. जयंती नाल्याचंही तसंच, पूल आहे तिथनंच पलीकडं. न्यू पॅलेसच्या आवारातून रेघ काढायचा विचारपण करू नका.

आकार केवढा ठेवायचा

हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. मोकळ्या आकाशाखाली मोबाईलचा जीपीएस साधारण पाच मीटर इकडं तिकडं चुकतो. अरुंद बोळात भिंतींवर आपटून सिग्नल येतो म्हणून अजून जास्त. आता समजा तुमचं चित्र एक किलोमीटर रुंद आहे आणि मोबाईलच्या स्क्रीनवर ते सहा सेंटीमीटरचं दिसतंय, तर पाच मीटरची चूक म्हणजे स्क्रीनवर ०.३ मिलिमीटर, कुणाच्या लक्षातपण येणार नाही. पण तेच चित्र दोनशे मीटरचं काढलं तर तीच चूक दीड मिलिमीटर, म्हणजे दारू प्यायलेल्या माणसानं काढल्यासारखं दिसणार. म्हणून घराजवळच्या बागेत गोल गोल पळून फूल काढायला जाऊ नका, लई जणांनी केलंय, सगळ्यांचं भजं झालंय.

माझा अंदाज असा की चित्र निदान एक किलोमीटर रुंद पाहिजे आणि त्यातली सगळ्यात बारीक गोष्ट, म्हणजे डोळा, बोट, चोच, ही पन्नास मीटरपेक्षा लहान नको. दोन समांतर रेघा वेगळ्या दिसायला हव्या असतील तर शेजारशेजारचे बोळ घेऊ नका, मध्ये एखादी गल्ली सोडा. अंतर भीतीदायक वाटेल पण नसतंय, एक किलोमीटर व्यासाचा नुसता गोल सव्वातीन किलोमीटरच्या आत बसतो, आतली नक्षी धरून सहा ते नऊ किलोमीटर होतात.

आता तिकट्या

कोल्हापुरात तीन रस्ते भेटतात त्या जागेला तिकटी म्हणतात, मिरजकर तिकटी, पापाची तिकटी, सगळ्यांना माहितेय. जीपीएस चित्रात हीच तिकटी तुम्हाला घाम फोडते.

शाळेत पेन न उचलता, एकदा काढलेली रेघ परत न गिरवता घर काढायचं कोडं असायचं बघा. हे सगळं तेच आहे. लिओनार्ड ऑयलर नावाच्या गणितज्ञानं १७३६ मध्ये कोनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांवरून याचं उत्तर काढलं, की सगळे पूल एकेकदाच ओलांडून फेरी होते का. होत नाही असं निघालं, आणि त्यातून नियम मिळाला तो आपल्या कामाचा. चित्रातल्या प्रत्येक जोडाच्या ठिकाणी किती रेघा येऊन मिळतात ते मोजायचं. विषम असतील, म्हणजे तीन, पाच, किंवा नुसतं मोकळं टोक असेल तर एक, तर त्या जागेवर टिकली लावायची. अशा टिकल्या शून्य असल्या तर कुठूनही सुरू करा, तिथंच येऊन संपेल. दोन असल्या तर एका टिकलीवर सुरू करायचं आणि दुसरीवर संपवायचं. दोनापेक्षा जास्त असल्या तर एक ना एक रेघ परत गिरवावी लागणारच, कितीपण डोकं लावा.

लक्षात घ्या, रस्त्यावरच्या तिकट्या मोजायच्या नाहीत, चित्रातल्या मोजायच्या. तुम्ही पापाच्या तिकटीवरून सरळ पुढं निघून गेलात तर चित्रात तिथं काहीच नाही.

माझ्या चपलेवर करून दाखवतो. बाहेरचा तळ म्हणजे एक बंद आकार, त्यात तिकटी नाही. त्याच्यावर आडवा पट्टा टाकला की पट्ट्याची दोन टोकं तळाला जिथं मिळतात तिथं दोन तिकट्या. इथवर ठीक. मग अंगठ्याचं कडं, पुढं तळाच्या टोकाला टेकणारं. जिथं टेकतं तिथं चार रेघा होतात, म्हणजे सम, त्रास नाही. पण पट्ट्याच्या मधून त्या कड्यापर्यंत एक उभी रेघ जाते ना, तिनं पट्ट्यावर एक आणि कड्यावर एक अशा अजून दोन तिकट्या वाढवल्या. झाल्या चार. मग उपाय एवढाच की ती उभी रेघ दोनदा पळायची, जाताना एकदा आणि येताना एकदा. त्या दोन जागा सम होतात आणि पुन्हा पट्ट्याची दोनच टोकं उरतात. म्हणजे रस्ता असा, पट्ट्याच्या डाव्या टोकाला सुरुवात, मधोमध यायचं, वर जायचं, कडं फिरायचं, त्याच रेघेनं खाली, उरलेला पट्टा पुरा करून उजव्या टोकाला, आणि मग सगळा तळ फिरून परत उजव्या टोकाला येऊन बंद. कागदावर पेन्सिलनं एकदा करून बघा, लगेच समजेल.

राजारामपुरीच्या काट्यात तर प्रत्येक गल्लीचं टोक मोकळं, म्हणजे प्रत्येक काटा जाऊन-येऊन पळायचा. तिथं अंतर जवळपास दुप्पट धरा. परतीची रेघ पहिलीवर तंतोतंत बसत नाही, थोडी बाजूला पडते, त्यामुळं काटा जाड दिसतो. मला ते आवडतं, खरं सांगायचं तर.

नकाशावर मांडणी

माझी पद्धत जुनी आहे. नकाशाचा स्क्रीनशॉट ए४ कागदावर प्रिंट, त्यावर बटर पेपर, आणि स्केचपेन. चुकलं की बटर पेपर बदलायचा. मोबाईलवर बोटानं करण्यापेक्षा हे दहापट सोपं जातं, आणि घरातलं कोणीतरी शेजारी येऊन "इथं शेपटी कर की" म्हणतंच.

कागदावर जमलं की मग कॉम्प्युटरवर. जीपीएक्स स्टुडिओ नावाची फुकट वेबसाईट आहे, तिथं एकेक ठिकाणी क्लिक करत गेलं की रस्त्याला धरून रेघ तयार होते आणि फाईल डाऊनलोड होते. स्ट्राव्हा या पळण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपमध्ये रूट बनवायला पैसे भरावे लागतात, नुसतं रेकॉर्ड करायला फुकट चालतं, त्यामुळं मी त्यासाठी पैसे घालत नाही. पेठांतले काही बोळ नकाशात नसतात किंवा असतात पण प्रत्यक्षात बंद असतात, तिथं जीपीएक्स स्टुडिओतलं रस्त्याला चिकटायचं सेटिंग बंद करून सरळ रेघ मारता येते, पण आधी तिथं जाऊन बघून या. हे मी ठासून सांगतो. गाडीवरून नाही, चालत. आदल्या संध्याकाळी सगळा रूट एकदा चालून या, निदान शंकेच्या जागा तरी. मी नकाशावर विश्वास ठेवून एका बोळात घुसलो, पुढं लोखंडी गेट, आत म्हैस बांधलेली, आणि चपलेची टाच तिथंच कायमची अर्धी राहिली. वांगं झालं त्यातला निम्मा वाटा त्या म्हशीचा.

मोबाईलची सेटिंगं

ऑटो-पॉज बंद करा. सिग्नलला किंवा कुत्र्याला घाबरून थांबलात की ॲप आपोआप थांबतं, परत सुरू व्हायला दोन-चार सेकंद घेतं आणि नेमका कोपरा कापला जातो. लोकेशनची परवानगी प्रिसाइज ठेवा आणि त्या ॲपपुरतं बॅटरी सेव्हर काढून टाका, नाहीतर स्क्रीन बंद झाली की फोन ॲपला गुपचूप झोपवतो आणि मग नकाशावर चौथ्या गल्लीतून नवव्या गल्लीत घरांच्या छपरावरून गेलेली सरळ रेघ दिसते. घड्याळ असेल तर त्यात दर सेकंदाला रेकॉर्ड करायचा पर्याय शोधा, स्मार्ट रेकॉर्डिंग म्हणतात तो नको, तो ठिपके वाचवायच्या नादात कोपरे खातो. घड्याळात दोन फ्रिक्वेन्सीचा जीपीएस असेल तर तो चालू करा, बोळात लई फरक पडतो.

निघायच्या आधी मोकळ्या जागेत दोन मिनिटं उभं राहून सिग्नल पक्का होऊ द्यायचा. घराच्या जिन्यातून स्टार्ट दाबून पळत सुटलं की सुरुवातीलाच रेघ शेजाऱ्यांच्या किचनमधून जाते.

आणि हो, प्रायव्हसी. स्ट्राव्हामध्ये घराभोवतीचा भाग लपवायची सोय आहे, ती चालू ठेवाच, सगळ्या जगाला आपलं दार दाखवायची गरज नाही. पण मग चित्राचा तेवढा तुकडा इतरांना दिसत नाही, माझ्या एका मित्राच्या मोराला त्यामुळं डोकंच नव्हतं आणि त्याला बिचाऱ्याला स्वतःच्या फोनवर सगळं नीट दिसत होतं. म्हणून चित्र घरापासून लांबच काढायचं, तिथवर गाडीनं जा.

पळताना

रविवारी पहाटे साडेपाच. याला पर्याय नाही. आठनंतर महाद्वार रोड, बिंदू चौक, लक्ष्मीपुरी इकडं पळणं म्हणजे पळणं नसतंय, ती गर्दीतली वाट काढणी असते. गणपतीत मंडपांमुळं गल्ल्या बंद असतात, तेव्हा नवीन रूट काढूच नका. कावळा नाका म्हणजेच ताराराणी चौक, असले मोठे चौक चित्रात शक्यतो घेऊ नका, आणि कितीही मनासारखी रेघ होत असली तरी ट्रॅफिकच्या उलट्या बाजूनं मधोमध पळायचं नाही.

वळणाला कोपरा कापायचा नाही. पळणाऱ्याचे पाय आपोआप आतून जातात, ती सवय मोडायची, पार चौकाच्या मधल्या रेषेपर्यंत जाऊन मग काटकोनात वळायचं, दोन सेकंद थांबलात तरी चालेल. पण दोन मिनिटं थांबायचं असेल, पाणी प्यायला म्हणा किंवा फोटो काढायला, तर स्वतः पॉज दाबा आणि बरोबर त्याच जागी उभं राहून परत चालू करा. नाहीतर उभ्या उभ्या जीपीएस इकडं तिकडं भटकतो आणि चित्रात केसाचा गुंता पडल्यासारखा डाग येतो.

रस्ता लक्षात कसा ठेवायचा? ऑसमअँड नावाच्या फुकट ॲपमध्ये ती फाईल टाकली की रेघ दिसत राहते, नेट नसलं तरी. पण दर चौकात मोबाईल बघण्यात मजा जाते. मी एका चिठ्ठीवर नुसती वळणं लिहितो, "तिसरी गल्ली उजवी, टोक, परत, मेन रोड डावी", आणि ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मुठीत धरतो. घामानं शाई जाते म्हणून पिशवी. सगळ्यात भारी म्हणजे सायकलवर एक मित्र शेजारी पाहिजे, तो रस्ता सांगणार आणि कुत्री हाकलणार.

लोक बघतात, ते गृहीत धरा. एकाच गल्लीत तीनदा आलं-गेलं की संशय येणारच. मला एका कट्ट्यावरच्या आजोबांनी थांबवलं, "काय हुडकाय लागलाईस रं?" मी म्हटलं आजोबा, चपलेचा अंगठा. त्यांनी खाली रस्त्यावर बघायला सुरुवात केली. मग मोबाईलवर दाखवलं तर खूश झाले आणि त्यांनीच सांगितलं की पुढचा बोळ पलीकडं निघत नाही, त्याच्या मागचा निघतोय. असं एकदा थांबून बोललं की पुढच्या वेळी तेच लोक "आज काय काढलंस" विचारतात. चाळीस वर्षं याच गावात राहून मला या गल्ल्या माहीत नव्हत्या, एवढं मात्र खरं.

पॉज दाबायचा, गाडीवर बसून दुसरीकडं जायचं आणि तिथं चालू करायचा, मग मध्ये सरळ रेघ येते, हीपण एक युक्ती आहे. काही जण तिला चिटिंग म्हणतात. माझं म्हणणं, चेहऱ्यात सुटा डोळा काढायचा असेल तर एकदा चालतं, पण सगळं चित्रच असल्या उड्यांनी काढायचं असेल तर मग पळता कशाला, घरी बसून काढा.

पहिल्यांदा काय काढायचं

फुगा. खरंच. रंकाळा स्टँडजवळ सुरू करा, तलावाची पूर्ण फेरी मारून परत तिथंच या, आणि मग दोरी म्हणून गंगावेशीकडं पळत जा. मोजा, एक तिकटी आणि एक मोकळं टोक, दोनच टिकल्या, एकपण रेघ परत गिरवायची नाही. सेटिंगं बरोबर आहेत का ते यात कळतं. दोरी गंगावेशीत संपवायचं कारण म्हणजे तिथला दूध कट्टा, म्हशीचं धारोष्ण दूध उभ्यानं प्यायचं. उलट्या बाजूनं पळालात तरी चित्र तेच येईल, पण दूध पिऊन साडेचार किलोमीटर पळावं लागेल, बघा बुवा.

दुसऱ्या रविवारी राजारामपुरीतला काटा किंवा फणी. चारच गल्ल्या घ्या, जास्त हाव नको. त्यानंतर मग तुमचं तुम्ही.

एक गोष्ट मात्र मला वांग्यानं शिकवली. चित्र ओळखायला सगळा आकार बरोबर यावा लागत नाही, एक खूण बरोबर यावी लागते. माझ्या पहिल्या चपलेचा तळ टाच सोडली तर चांगलाच आला होता, पण अंगठा इतका बारीक काढलेला की तो देठ वाटला, आणि पट्टा तर म्हशीच्या गडबडीत विसरलोच. दुसऱ्या वेळी तळाकडं फार लक्ष दिलं नाही, टाच वाकडीच आहे, पण अंगठ्याचं कडं मुद्दाम मोठं घेतलं, एक अख्खी चौकोनी गल्ली फिरून, आणि दोन्ही बाजूंना बाहेर आलेले कान काढले. मोर असेल तर तुरा मोठा करा, मांजर असेल तर मिशा, बाकी सगळं वेडंवाकडं असलं तरी लोक ओळखतात. नाव देताना मात्र नावात सांगू नका काय आहे ते. बघणाऱ्याला आपणहून ओळखू दे, नाही ओळखलं तर परत पळा.

दुसरी चप्पल साडेनऊ किलोमीटर झाली, दौलतनगर, शाहूनगरच्या बाजूनं वळसा घेऊन. घरी आलो, काही न बोलता मोबाईल आईसमोर धरला. तिनं चष्मा वर केला, खाली केला, म्हणाली, "चप्पल हाय की." मी खूश. मग परत नीट निरखून बघितलं आणि म्हणाली, "पण ही डाव्या पायाची. उजवी कुठाय?"

उजवीसाठी सगळ्या गल्ल्या उलट्या लागतात. तीन आठवडे झाले, बटर पेपर घेऊन बसलोय.